दर अक्षरामागे

अक्षरामागे अकरा सेंट, हा माझा भाव.
तारखेचे आकडे निम्म्या दरात.
समितीने पैसे आगाऊ मोजले, म्हणाली,
प्रॉसर, वरची ओळ कोरून ठेव,
नाव मंगळवारी कळवतो.

वरची ओळ मी कोरली: या शहराचा संस्थापक.
खाली दीड हात जागा कोरी सोडली.
त्या मंगळवाराला आता सहा हिवाळे झाले.

गाव तसं म्हातारंही नाही.
ड्राय फोर्क, म्हणजे कोरडा संगम, तीस वर्षांचं पोर.
पहिला खुंटा ठोकणाऱ्यांतले निम्मे
अजून खानावळीत बसून
बोळक्या तोंडाने खुंटा ठोकतात.

कर्नल थॅकस्टन सांगतात: एप्रिल होता,
टेकडीवरून दरी पाहिली, गुडघे टेकले,
आणि डोळ्यांपुढे घंटाघर उभं राहिलं.
त्यांचा गाडीवान लूथर ग्रिम सांगतो:
आस मोडला होता. कर्नल गुडघे टेकून
चाकाला शिव्या देत होते.
एप्रिल कसला, मिशांना बर्फ होतं.
(लूथरला एक पेला पाजला की मार्च होतो,
दोन पाजले की तो स्वतःच संस्थापक.)

पण दोघांनाही एक आठवतं,
खाली कुणाच्यातरी चुलीचा धूर होता.

तो धूर बाप्तिस्त रुलोचा. कातडी विकायचा.
त्याची लेक ओझेली गावाचे कपडे धुते.
ती समितीपुढे बापाच्या वहीचं पान घेऊन आली,
फ्रेंच अक्षरं, चरबीचे डाग,
कर्नलच्या एप्रिलआधी नऊ वर्षांची तारीख.
अध्यक्ष म्हणाले, बीव्हरच्या कातड्यांची यादी
म्हणजे काही शहर नव्हे.
तिने विचारलं, मग किती चुली पेटल्या की शहर होतं?
कुणी बोललं नाही.
इतिवृत्तात लिहिलंय: बाई रडल्या.
ती रडली नव्हती. मी तिथेच होतो,
बाकाचा डुगडुगता पाय ठोकत.

आयत्या बिळावर नागोबा, हे खरं,
पण बीळ कुणाचं, ते विचारायला
गावात माणूस उरला नव्हता.

एकदा नदीपलीकडच्या वस्तीतली म्हातारी
टोपल्या विकायला माझ्या अंगणात आली.
दगडाकडे बोट करून म्हणाली, काय लिहिलंय?
मी सांगितलं.
ती इतकी हसली की टोपल्या खाली ठेवाव्या लागल्या.
इथे? इथे आम्ही घोड्यांना पाणी दाखवायचो
आणि उजेड असेतो निघायचो.
डास. शिवाय पाणी येतं.
हात खांद्यापर्यंत वर धरून दाखवला.
मी म्हटलं, कधी येतं?
म्हणाली, आलं की कळेल.
आणि एक टोपली जास्त दराने विकून गेली.

जूनमध्ये कळलं.

जमीन कचेरी गेली. छापखान्याचे खिळे
अजून बांधावरच्या मळ्यांत सापडतात,
बीटरूटबरोबर एखादा टी, एखादा आर.
कर्नलची कागदपत्रं गेली, रुलोच्या वहीचं पान गेलं,
लूथर वाचला, पण साल विसरला.
दगड मात्र तसूभर हलला नाही.
गाळ नेमका कोऱ्या जागेपर्यंत चढला होता.

समिती पुन्हा भरली नाही. भिजत घोंगडं
शेवटी कुणीतरी उचलून बाजूला केलं:
दगड नव्या कचेरीची पायरी झाला.
आता रोज शेकडो बूट त्यावरून आत जातात,
वरची ओळ चुकवतात, जरा लाजून,
आणि पाय नेमका कोऱ्या जागी ठेवतात.
ती इतकी गुळगुळीत झालीय
की छिन्नी टेकवली तर घसरेल.

आगाऊ घेतलेले पैसे डब्यात आहेत.
परत मागायला अजून कुणी आलेलं नाही.
कुणी यायचं,
ते आधी ठरायला हवं ना.