विसांतला एक

शिरोड्याच्या मीठखात्यात त्याचं नाव कॅरदर्स होतं.
आमच्या किनाऱ्याच्या जिभेला ते पेललं नाही,
आठवड्याभरात तो कारदार झाला,
आणि मेला तेव्हाही कारदारच होता.

डावा कान सुकलेल्या सोलासारखा चुरगळलेला.
पोरांना वाटे, लहानपणी उंदरानं खाल्ला.
माझा पणजा आबजी गिरप त्याचा पट्टेवाला;
त्याला एवढंच ठाऊक, की साहेब
मिठाच्या राशी मोजताना मध्येच थांबतो,
वाकतो, खांदा पुढे काढतो,
आणि समोर कोणीच नसताना
कोणाला तरी रेटतो.

एका रात्री माडीच्या दुसऱ्या चंबूवर त्यानं सांगितलं.
स्कॉटलंड नावाचा थंड मुलूख.
शेजारच्या मुलखाशी सामना, वीस विरुद्ध वीस,
चिखल आपल्या लावणीच्या कुणग्यासारखा,
आणि चाळीस माणसांच्या वाफेत कुठेतरी
कातड्याचा एक लांबट चेंडू, आत डुकराचा फुगा.
"अख्ख्या सामन्यात तो मला एकदाच दिसला.
हातात आला. सुटला."
मग साहेब बराच वेळ गप्प.
"मगे जिकला कोण?"
"कोणीच नाही."
"मगे खेळलास कित्याक?"
साहेब हसला नाही. पेटी उघडून
त्यानं निळ्या मखमलीची टोपी दाखवली, चांदीच्या गोंड्याची,
बारशाला घालतात तेवढीच,
आणि पुन्हा कागदात गुंडाळली.

देशानं टोपी दिली, पुन्हा बोलावलं नाही.
गुडघा गेला. वडिलांची सुताची पेढी बुडाली.
मग बोट, मग मुंबई, मग मीठ.
उन्हातली पांढरी आगरं पाहून
पहिल्या दिवशी त्याला बर्फ वाटला असेल,
हे माझं म्हणणं. आबजी असलं काही बोलत नसे.

तो सांगे ते रापणीचं.
आश्विनातली सकाळ, तारल्यांनी फुगलेलं जाळं,
पाण्याला उलटी ओढ, दोरीला माणसं कमी.
कारदार घोड्यावरून चालला होता, मीठचोर शोधत.
उतरला. बूट काढले, टाचा वाळूत गाडल्या,
उजवा खांदा भिकाजी कुबलाच्या काखेत घातला,
जणू जन्मभर तिथेच होता.
कोणी शिकवलं नव्हतं.
त्याला माहीत होतं माणसाचं वजन कुठे असतं,
धाप कुठे अडते,
कधी सगळ्यांनी मिळून सैल सोडायचं
आणि कधी नाही.
रापणकारांनी एकमेकांकडे पाहिलं,
आणि ओढीचा ताल, कोणी न सांगता,
साहेबाच्या श्वासावर आला.
जाळं वर आलं तेव्हा तो गुडघ्यांवर, तोंडभर वाळू,
ओरडत होता, "खेळ! हाच खेळ!"
म्हाताऱ्या तांडेलानं बखोट धरून उठवलं:
"खेळ नाय सायबानू. कालवण आसा ह्यां."
आणि वाट्यांमध्ये एक वाटा वाढवला.

सरकारी दप्तरात यातलं काही नाही.
तिथे पकडलेलं मीठ आहे, शेरामणांत,
आणि काही सकाळी नुसतं शून्य.
तिथ्या, भरत्या लावून पाहिल्या मी.
त्या सकाळी रापणीच्या होत्या.

हिवतापानं गेला. वेंगुर्ल्याच्या टेकाडावर थडगं,
दगडावर खातं, हुद्दा, वय एकेचाळीस.
खेळाचं एक अक्षर नाही.
पेटी खांद्यावर घेऊन चढणारे एकोणीस जण होते,
आबजी बोटं मोडून मोजायचा,
आणि विसावा पेटीत.

टोपी आमच्या घरी आली.
पणजीला ती कशाची हे कधी कळलं नाही;
पडवीतल्या खुंटीला टांगून
तिनं ती कोंबडीची अंडी ठेवायला घेतली.
गोंडा कधी गेला कोणास ठाऊक,
मखमल कसरीनं खाल्ली, आतलं अस्तर टिकलं.
तीन पिढ्यांत त्यातलं एकही अंडं फुटलं नाही,
असं आमच्याकडे पाहुण्यांना सांगतात.

एक फुटलं होतं.
मी सात वर्षांचा होतो, हातात आलं, सुटलं.
पायानं वर माती ओढली
आणि कोणाला बोललो नाही.