अकरा रेघा

पोलिसठाण्यातल्या कोवळ्या पोरानं विचारलं, "कारण?"
मी म्हटलं, नेमबाजी.
त्यानं लिहून घेतलं.
"याआधी घरात कधी बंदूक होती?"
बंदूक नव्हती. बंदुकीची जागा होती:
दाराशेजारी भिंतीत दोन खुंट्या,
एका उंचीवर, हातभर अंतरानं.
आई त्यांच्यावर छत्री आडवी ठेवायची.
हे मी त्याला सांगितलं नाही.

परवाना टपालानं आला, वीजबिलासोबत.

रौनो केंप्पीनं ती गोणपाटातून काढली
तेव्हा शेडभर जुन्या ट्रॅक्टरचा वास सुटला.
चारशे युरो म्हणाला.
मी, रीत म्हणून, तीनशे साठ.
"बाई, हिच्यात घासाघीस नाही,
घासायला मात्र भरपूर आहे."
आणि बोटभर ग्रीस काढून दाखवलं, पिवळं, घट्ट,
कुणीतरी माघार घेताना विसरलेल्या मधासारखं.

पोलाद रशियातल्या तुला गावचं, झारच्या काळातलं.
नळी आमची. लाकूड आमच्या बर्चचं,
दोन तुकडे एकमेकांत बोटं गुंतवून जोडलेले.
एकीकडून हिसकावली, दुसरीकडे दुरुस्त झाली,
मग कोठारात निजली चाळीस वर्षं.
तीन शिक्के अंगावर,
आणि आता, वय वर्षं त्रेपन्न,
कुहमोच्या फिरत्या वाचनालयाची चालक,
मी.

ग्रीस काढायचं तर उष्णता हवी, रौनो म्हणाला होता.
आमच्याकडे उष्णतेची एकच खोली असते.
मी सौना तापवली, वरच्या बाकावर टॉवेल अंथरला,
जिथे पाहुण्याला बसवतात तिथे तिला निजवलं.
दगडांवर पाणी नाही टाकलं,
लोखंडाला ती चैन सोसत नाही.
अर्ध्या तासानं तिला दरदरून घाम फुटला.
मी खाली बसून पुसत राहिले,
आजारी माणसाचं पुसावं तसं,
कपाळ सोडून सगळीकडे.

नळीवरची लाकडी पट्टी उचलली
तर आत, कुणा साहेबाला दिसू नये अशा जागी,
चाकूनं ओढलेल्या रेघा.
मी मोजल्या. अकरा.
परत मोजल्या.
माणूस बंदुकीवर रेघा कशाच्या ओढतो
हे मला कुणी समजावायची गरज नव्हती.
फडकं टाकलं आणि बाहेर येऊन
पायरीवर बसले, तशीच, अंगातून वाफ निघत.
एप्रिलचं बर्फ कुंपणाशी काळं पडलेलं.
सकाळी रौनोला फोन करायचा, परत घे म्हणायचं,
चाळीस युरो कमी दे हवं तर.

दिवा विझवायला आत गेले
तोवर उरलेलं ग्रीस ओघळून गेलं होतं
आणि रेघांच्या डावीकडे पाच अक्षरं उघडी पडली होती,
घाईची, शेवटचं एक तिरकं:
सौना.

अकरा वेळा ऊब.
किती हिवाळ्यांत, ते लिहिलं नव्हतं.

माणसं त्यानं मारली नसतील असं नाही.
ती मोजायची जागा वेगळी असेल,
किंवा ती त्यानं मोजली नसतील.
मी हसले, मग हसू तोंडातच अडकलं,
मग पुन्हा फडकं उचललं.
बाराव्या रेघेसाठी चाकूही काढला होता,
ठेवून दिला.
नहायला ती आली होती, तो नव्हता.

शनिवारी मुरमाच्या खाणीत पहिली गोळी.
सिर्का म्हणाली, खांद्याला घट्ट धर, घाबरलीस तर लाथ बसेल.
मी घट्ट धरली. घाबरलेही. लाथ बसली.
कागद पांढराफेक राहिला,
मागच्या वाळूत कुठेतरी धूळ उडाली,
आणि एक कावळा, काही विशेष नाही अशा थाटात,
फांदी बदलून बसला.

सोमवारी गिअर टाकताना खांदा ठणकत होता.
हिल्या म्हातारीनं पुस्तकं परत करताना विचारलं, "काय गं, काय झालं?"
"सौनात घसरले."
"होतं," ती म्हणाली, "सगळ्यांचंच होतं कधी ना कधी,"
आणि उशिराच्या दंडाचे सुटे पैसे
एकेक करून माझ्या तळहातावर मोजले.

कायद्यानं सांगितलं म्हणून ती पोलादी कपाटात आहे.
खुंट्यांवर छत्रीच.