चौतीस आटे

तात्या पाणीखात्यात चावीवाले होते.
पहाटे साडेतीनला घाटकोपरच्या चढावर
रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं,
खांद्याएवढी उंच चावी खाली सोडायची
आणि मोजत फिरवायची. चौतीस आटे.
तेवढ्यावर चार गल्ल्यांच्या बादल्या भरायच्या.

आज आम्ही हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये.
पंख्याने उडू नये म्हणून फॉर्म कपाखाली.
मोबाईलवर उदय, मस्कतहून, अर्धाच चेहरा :
अजून एक केमो देऊन बघू, पैशाचं मी बघतो.
पैशाचं कोणी बोललंच नव्हतं.
शेवंताआत्या म्हणते, जिवंत माणसाला असं ठेवून येतात का कुठे?
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उपचार थांबतील, काळजी थांबणार नाही.
ती तर आमचीही थांबणार नाही, मी मनात म्हटलं.

आई पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.
मग म्हणाली,
त्यांना विचारलंत का?

चौथा मजला. तात्या जागे, नाकात नळी.
मी सांगितलं, वांद्र्याला एक जागा आहे,
समुद्राकडच्या उतारावर.
सुया टोचत नाहीत. दुखू देत नाहीत.
बरं करत नाहीत, पण.
हे मी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा भिंतीकडे बघून.

तात्यांनी बराच वेळ घेतला.
तिथे पाणी किती वाजता येतं?

कोणालाच माहीत नव्हतं.
चोवीस तास असेल, उदय म्हणाला.
तात्या हसले, नळी हलली.
चोवीस तास कुठेच नसतं रे.

मग चादरीवर त्यांचा हात फिरला, उजवीकडे, थोडासा, पुन्हा थोडासा.
सावकाश, म्हणाले.
एकदम बंद केली की पाईप आतून ओरडतो.
जुना असला तर फुटतो.

सहावीत होते, तेव्हा एकदा त्यांनी मला सोबत नेलं होतं.
शेवटचे दोन आटे माझ्या हातात दिले.
दांडा इतका गार,
आणि खाली काळोखात काहीतरी
पळता पळता चालायला लागलं होतं.

खाली आलो. फॉर्मवर चहाचं गोल वळं उमटलेलं.
आईने त्याच्या बाजूने सही केली,
सुनीती वामन तोरसकर,
वामन जरा जास्त दाबून.
उदय काही बोलला नाही. कट झाला, की त्याने केला?

तेवढ्यात शेजारच्या रेहानाचा फोन,
तुमच्याकडे पाणी आलंय, पिंप भरून ठेवू?
भर, म्हटलं.
किती?
रोजच्याएवढं.