डावी मिशी

गंगावेशीत, दूधकट्ट्यासमोर,
गोरं करणाऱ्या क्रीमच्या बाईला
रात्रीत कुणीतरी मिशा काढल्या.
पिळदार. तालमीतल्या.

म्हशी धारेला उभ्या,
बघ्यांची हसून पुरेवाट,
एजन्सीचा पोरगा फोटो काढतोय
तक्रारीसाठी.

मी सायकल टेकवून
नुसती रेघ बघत राहिलो:
मुळाशी जाड, टोकाला केसागत,
एका दमात ओढलेली,
कुठं थेंब ओघळला नाही.
फ्लेक्सवर ऑइलपेंट असा धरत नसतो,
आधी थिनरचा बोळा फिरवावा लागतो.
फ्लेक्सनं दुकान बंद पडलं त्या वर्षी
हे एकाच पोराला दाखवलं होतं.

फौजदार म्हणाले,
"इलाही पेंटर, हात ओळखीचा वाटतो का?"
म्हटलं, "न्हाई सायेब.
डावी मिशी जरा उतरलीया."