उतारा तिसरा

फळ्यावर मी ‘पॅसेज’ लिहितो, ‘उतारा’ लिहीत नाही.
बॅच ॲडव्हान्स्ड आहे, आणि उतारा म्हटलं की
शिवशरण हत्तुरेला तलाठ्याचं ऑफिस आठवतं,
नदाफला विंचवावरचं औषध.

कन्ना चौकाच्या आतला बोळ, टॉवेलच्या गोडाऊनवर
दुसरा मजला. एप्रिलचे दुपारचे साडेतीन.
सात जण, एक पंखा, खालून मागांचा खडखडाट.
लिसनिंगचा पेपर घ्यायचा तर
वीज जायची वाट बघावी लागते.

उतारा तिसरा समुद्रकाठच्या एका गावाविषयी आहे.
समुद्र सातांपैकी दोघांनी पाहिलाय.
शब्द साडेचारशे, प्रश्न तेरा, मिनिटं वीस.
मीच रचलाय, रात्री जागून.
बरोबर उत्तर लिहायला फारशी अक्कल लागत नाही.
चुकीची तीन रचताना मात्र
दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसावं लागतं,
आणि तिथे बसल्यावर
आपलं बरोबर उत्तरही जरा हलतं.

प्रश्न नववा, ओळ सतरा.
शिंपले खडकाला ‘फास्ट’ धरून राहतात.
इथे फास्ट म्हणजे?
जलद. उपाशी. घट्ट. अचानक.
पाच जणांनी जलदभोवती गोल केला.
नदाफने उपाशीभोवती; त्याचा रोजा होता,
मी त्याला दोष देत नाही.
पुष्पलता वंगारीने घट्ट.
आणि समासात, पेन्सिलीने, बारीक:
‘चादरीच्या लेबलवर असतं ना सर, फास्ट कलर.
कितीही धुतलं तरी जात नाही.’

समासातला मजकूर ग्राह्य धरला जाणार नाही,
ही सूचना क्रमांक चार मीच छापलेली.
मी खोडरबर घेतला. अक्षरं गेली.
कागदावर वळ राहिले.

पण हे तपासताना, नंतर. त्या दुपारी
हत्तुरे शेवटच्या प्रश्नाशी अडला होता:
लेखकाने म्हटलेलं नाही, पण सुचवलंय, ते काय?
‘सर, लेखकाला तरी हे माहीत होतं का?’
लेखक समोर उभा राहून मान पुसत होता.
म्हणालो, शांततेत सोडवा.

पेपर गोळा झाले तरी पुष्पलता थांबली.
पिशवीतून चार घड्यांचं पत्र काढलं.
विडी कारखान्यातला फंड, आईचा.
आई जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीशी,
नखांत तंबाखू, वर यायला तयार नाही.
‘युवर क्लेम स्टँड्स रिजेक्टेड.’
‘अर्थ कळतो सर,’ ती म्हणाली,
‘पण नामंजूर झालाय, तर उभा कसा?’

मी म्हणालो, रूढ प्रयोग आहे. ऑफिसची भाषा.
त्या ‘उभा’ला इथे स्वतःचा अर्थ नाही.
ती मान हलवत राहिली, वहीत उतरवून घेतलं.
सतरा वर्षं मी पेपर काढतोय,
असलं वाक्य कधी उताऱ्यात घेतलं नाही.
चार पर्याय करायचे कशाचे?

तिने कठड्यावरून वाकून आईला तेलुगूत सांगितलं.
दोन-चार शब्दांचं तिकडे बरंच काही झालं.
मला तेलुगू येत नाही.
आमची पाचवी पिढी सोलापुरात,
रोज कानावर पडतं, आत जात नाही.
आई खालून काहीतरी बोलली, छोटंसं.

‘काय म्हणाल्या?’

पुष्पलता चपलेचा पट्टा ओढत होती.
‘म्हणतीय, सव्वीस वर्षं मी बसून विड्या वळल्या.
त्याला उभं राहायला काय झालं?’

दोघी बोळातून वळल्या.
तेवढ्यात माग एकदम थांबले. पंखाही.
वीज गेली होती.
लिसनिंगचा पेपर आता घेता आला असता.