खिडकी क्रमांक तीन

कार्ड प्लास्टिकमध्ये मढवलेलं होतं.
कडा गोल, मन लावून कापलेल्या.
"आईनं केलं," मार्नी म्हणाली, "मी दुसरीत असताना.
भिजू नये म्हणून."

कार्डावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं:
प्लास्टिक चढवल्यास ग्राह्य नाही.
एकोणीस वर्षं मी या खिडकीत बसते.
लोकांनी जिवापाड जपलेलं
परत सरकवायचंच काम जास्त.

मार्नी ऑस्टबी, वय अठरा, राहणार माल्टा.
समुद्रातलं नव्हे, आमच्या मोंटानातलं:
धान्याची उंच कोठारं, एक रेल्वे फाटक, बाकी वारा.
नोकरी माती-प्रयोगशाळेत, काचेची भांडी धुण्याची,
ताशी तेरा डॉलर.
तीन दिवस धुऊन झाली होती.
तिसऱ्या दिवसापर्यंत कागद हवेत, नाहीतर काम बंद.
मी तसं सांगितलं,
ज्या आवाजात सांगते तो आवाज
घरी माझा मुलगाही ओळखणार नाही.

"जन्माचा दाखला चालेल?"
"चालेल."
"तो बाबांकडे आहे."
आणि 'बाबा'नंतर ती इतका वेळ थांबली
की मी शिक्का उचलून
शाईच्या गादीवर उगाच दाबला.

दोन वर्षं बोलणं नाही, हे नंतर कळलं.
का, ते कळलं नाही.
फॉर्मवर तसा रकाना नाही.

बाहेर जिन्याखाली तिनं फोन लावला.
काचेतून मला फक्त पाठ दिसत होती.
पाठ बराच वेळ तशीच.
मग एकदा हलली.

पोस्टानं आला असता दाखला,
चार दिवस, फार तर पाच.
मी पत्ताही लिहून दिला होता, पिनकोडसकट.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी
टोपी हातात धरून एक माणूस आला.
बुटांना इकडचा नसलेला चिखल.
"ऑस्टबी," म्हणाला, जणू तेवढं पुरे.
फ्रीझरमध्ये मांस ठेवायच्या पिशवीत दाखला,
पिशवीवर मार्करनं: हरीण, नोव्हेंबर.
"किती लांबून आलात?"
"पाच तास. वाऱ्यामुळे सहा."
मग जरा घाबरून,
"प्लास्टिकचं काहीतरी म्हणत होती ती. ही चालते ना?"
"चालते," मी म्हटलं. "ही उघडते."

मार्नी धावत आली, हातांना अजून साबणाचा वास.
काम बंद होतं, तरी कुणीतरी भांडी धुऊ दिली होती;
मी ते ऐकलं नाही, पाहिलं नाही.
दोघं एकमेकांकडे नाही, माझ्याकडे बघत उभे राहिले,
जणू मलाच काही सुचणार होतं.
मला सुचतं तेच मी केलं:
झेरॉक्स काढली, तारीख घातली, म्हटलं, इथे सही.
त्यानं खिशातलं पेन पुढे केलं,
बियाण्यांच्या कंपनीचं नाव छापलेलं.
माझं पेन दोरीला बांधून तिथेच होतं.
तिनं त्याचं घेतलं.

पहिला पगार: अकरा तास.
एकशे त्रेचाळीस, कापून हातात एकशे एकोणचाळीस.
बँकेचा नंबर चुकल्यामुळे कागदी चेक.
मी हिशोबाची बाई आहे, मोह आवरत नाही:
सहाशे मैल, जुना पिकअप, त्या आठवड्याचा पेट्रोलचा भाव.
त्याचे गेले साधारण एकशे चाळीस.

पिशवी माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली होती.
ती पुढे सरकवली.
तिनं चेक वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला,
पिशवीत घातला,
आणि वरची पट्टी अंगठ्यानं
या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत नेली.

"पुढचा केव्हा?"
"दोन आठवड्यांनी, शुक्रवारी.
आणि नंबर नीट लिही या वेळी.
तो सात आहे, एक नव्हे."