साडेसात मिलिमीटर

नियम एवढाच : तीन लिटर. वर थेंबभरही नको.
आणि आपलं इंजिन तीन लिटर सहाशेचं,
बावीस वर्षं दुधाचे कॅन ओढलेलं
राफाएलाच्या चिखलातून, लसूणघासाच्या बांधाबांधाने,
दुसऱ्या गिअरवर, न कुरकुरता.

भोक एकदा पडलं की पडलं, मामा म्हणाला,
ते काही बुजत नाही.
आखूड करायची ती धाव.

नवा क्रँकशाफ्ट कोर्दोबाहून आला,
बसच्या पोटात, चीजच्या खोक्यांशेजारी.
जुन्याला लावून ठेवला तर फरक दिसेना.
ओविदियोमामाने कॅलिपर माझ्या हातात दिला :
खुंटीचं केंद्र साडेसात मिलिमीटर आत.
वर साडेसात, खाली साडेसात,
पिस्टनची पंधरा मिलिमीटरची पायपीट वाचली.

‘एवढंच?’ मी विचारलं.
तो माते ओढत राहिला, नळी खरखरेपर्यंत.

पिस्टन आता माथ्यापर्यंत पोचेना.
वर नुसती पोकळी. पेट्रोल तिथे
पेटलं नसतं, सुस्कारलं असतं.
मग रॉड लांब हवेत, तेवढ्याच मापाने.
‘इथे आखडलं की तिथे सोडावं लागतं,’
बाही उसवणाऱ्या शिंप्याच्या सुरात म्हणाला
आणि सहाही रॉड वजनकाट्यावर मांडले.

जूनची थंडी. रात्री दीडला सुरू केलं.
आधी खोकलं. मग चढत गेलं,
सहा हजार, सात, साडेसात,
जिथे जुन्याच्या चिंधड्या झाल्या असत्या
तिथे याचा आवाज सुईएवढा बारीक,
फळीवरचे नट नाचत नाचत खाली.
हजाराच्या आसपास मात्र जीवच नाही त्यात.
एक कॅन ओढ म्हणावं,
जागीच बसेल.

रविवारी मामा गाडी घरी घेऊन गेला.
देल्मिरामामी निलगिरीच्या रांगेपलीकडूनच
ओळखायची त्याचं इंजिन,
चहाचं नाही, मातेचं आधण ठेवायची.
त्या दिवशी बाहेर आली ती झाडू घेऊन :
कोण हे परकं, कोंबड्या उधळतंय?

‘मीच,’ तो म्हणाला. टोपी काढून.
‘मग किंचाळतोस कशाला?’

जुना क्रँकशाफ्ट वर्कशॉपच्या दाराशी टेकवलाय.
दक्षिणेचा वारा सुटला की दार त्याच्यावर आपटतं,
तो तसूभर हलत नाही.
शनिवारी मी त्याला तेलाचं बोट लावतो.
कुणी सांगितलेलं नाही.